डोंगल आधी ताब्यात घे

*पत्र (थोडं कमी करून) :*

मॅडम, नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातली. इंजिनीअरिंग केलं, मग तीन वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा दिल्या. तलाठी म्हणून निवड झाली ती सोलापूर जिल्ह्यात. सज्जात, म्हणजे माझ्या कार्यक्षेत्रात, तीन गावं आहेत. रुजू होऊन सात महिने झाले आणि मला यातलं काही येत नाही हे रोज नव्याने कळतंय. एकवीस गाव नमुने (तलाठ्याच्या दप्तरातल्या नोंदवह्या) झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन, पण समोर माणूस कागद घेऊन उभा राहिला की डोकं बधिर होतं. नमुना 9 ची नोटीस काढा म्हणाले, तर मी पावती पुस्तक काढलं. डाळिंबाचं नुकसान नुसतं बघून किती टक्के ते कसं सांगायचं? आमच्याकडे धानाच्या बांध्या असतात. पंचनाम्यात 'बांधीत पाणी साचले' असं लिहिलं, तर सगळे हसले.

ऑफिसात आधीच्या भाऊसाहेबांच्या (तलाठ्यांच्या) वेळेपासून एक मुलगा आहे, संगणकाचं सगळं तोच बघतो, माझ्या डिजिटल सहीचा डोंगलही त्याच्याकडेच असतो. गेल्या महिन्यात एका वारस नोंदीत मयताच्या दोन मुलींची नावं राहिली. कागद त्याने केले, सही माझी. सर्कल साहेबांनी (मंडळ अधिकाऱ्यांनी) चावडीत सगळ्यांसमोर मला झापलं आणि नोंद रद्द केली. नंतर त्यातली एक मुलगी ऑफिसात आली. भांडली नाही. वडिलांचं जुनं रेशनकार्ड टेबलावर ठेवलं. त्यात तिचं नाव होतं, लग्नानंतर लाल शाईने खोडलेलं. तेव्हापासून मला झोप नाही. मोबाइलवर वाचलं की याला इंपोस्टर सिंड्रोम म्हणतात. मला तेच झालं असेल का? राजीनामा देऊन परत अभ्यासाला बसू का? बाबा गावभर सांगतात, पोरगी पटवारी झाली.

*उत्तर :*

तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी तुझ्यापेक्षा मोठी आहे. 1986 साली मी तलाठी म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं दप्तर, चावडी आणि एसटी यांत गेली. तेव्हा तुझं पत्र वाचताना मला काही ठिकाणी हसू आलं आणि एका ठिकाणी घाम फुटला. घाम कुठे फुटला ते पुढे सांगते.

आधी त्या सिंड्रोमचं निकालात काढू. 1978 साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बायकांनी त्यावर पहिल्यांदा लिहिलं. त्यांनी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या बायका आपापल्या क्षेत्रात नाव काढलेल्या होत्या. पदव्या होत्या, कामं करून दाखवलेली होती, तरी मनात एकच : आपण सगळ्यांना फसवतोय, एक दिवस पकडले जाणार. तुझं तसं नाही. तुला काम येत नाही असं वाटतं, कारण तुला काम खरंच अजून येत नाही. राग मानू नकोस. मला ही चांगली बातमी वाटते. नुसतं वाटत असतं तर ते कसं घालवायचं हे मला सांगता आलं नसतं. काम न येण्यावर मात्र इलाज आहे, आणि तो मला माहीत आहे.

सात महिन्यांत हे काम कुणालाच येत नाही. परीक्षेने तुला नमुन्यांची नावं शिकवली. गाव नमुना 20 म्हणजे टपाल तिकिटांची नोंदवही, हे तू पाठ केलंस. ती वही उघडायची वेळ तुझ्यावर कितीदा येणार आहे देव जाणे. उलट दोन भावांतला एक दारात उभा राहतो, दुसरा बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो, आणि आत आलेला म्हणतो, "मॅडम, सामोपचाराने वाटप झालंय, एवढं लावून द्या." हे कुठल्या नमुन्यात बसतं ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

माझं सांगते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. मराठवाड्यातलं गाव, रब्बीची ज्वारी उभी, आणि गारपीट झाली. मी वही घेऊन शिवारभर फिरले. शेतकरी सांगायचा, "दोन एकर वीस गुंठे." मी लिहायची, 2-20. रात्री चिमणीच्या उजेडात यादी करायला बसले. यादीचे रकाने होते हेक्टर आणि आर. मी वहीतले आकडे जसेच्या तसे उतरवत गेले. दोन एकर वीस गुंठे म्हणजे साधारण 1 हेक्टर 1 आर. मी त्याचे 2 हेक्टर 20 आर करून टाकले. एकाचे नाही, सगळ्या गावाचे. दुसऱ्या दिवशी यादी तहसीलला जायची होती. त्या रात्री शेजारच्या सज्जाचे म्हातारे तलाठी मुक्कामाला होते. चहा पिता पिता त्यांनी शेवटच्या पानावरची बेरीज बघितली, मग गावाचं एकूण क्षेत्र किती ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, गाव वाढवलंत की तुम्ही!" गारांनी जेवढं शिवार झोपवलं होतं, ते मुळात गावात होतं त्याहून जास्त भरत होतं.

मी रडले. त्यांनी रडू दिलं, दुसरा चहा टाकायला लावला, आणि पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी यादी नव्याने केली. त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. आकडा लिहिला की शेजारी तो कशातला आहे ते लिहायचं, मग कितीही घाई असो. आणि कुठलीही यादी बाहेर जाण्याआधी तिची बेरीज गावाच्या बेरजेशी ताडून बघायची. पुढे मी सर्कल झाले तेव्हा याच दोन गोष्टींवर कितीतरी तलाठ्यांच्या चुका पकडल्या. त्यातले बरेचसे माझ्यापेक्षा हुशार होते.

आता घाम कुठे फुटला ते. तुझ्या पत्रात बांधी, डाळिंब, नोटीस यांवर भरपूर लिहिलं आहेस आणि 'डोंगलही त्याच्याकडेच असतो' हे तीन शब्द मध्ये कुठेतरी टाकून दिलेस. मी तिथे थांबले.

मुली, तो डोंगल म्हणजे तू आहेस. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीचं मोल दिलं आहे. उद्या चौकशी लागली तर क्लिक कुणी केलं हे कुणी विचारणार नाही, सही कुणाची हेच विचारतील. आणि जो मुलगा 'सगळं बघतो' त्याला गावोगावी काय म्हणतात ते तुलाही ठाऊक असेल : झिरो तलाठी. त्याला शासनाने नेमलेलं नाही. मग त्याचं पोट कशावर चालतं? हा प्रश्न एकदा शांतपणे स्वतःला विचार. उत्तर मला कळवू नकोस.

तो वाईट मुलगा आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा अशी मुलं कामाला वाघ असतात, आणि त्यातच मेख आहे. आपल्याला येत नाही, त्याला येतं, लोक खोळंबलेत, सर्व्हर कसाबसा चालू झालाय, 'तूच कर रे' म्हणायला एक सेकंद लागतो. त्या दोन मुलींची नावं राहिली ती तुला येत नव्हतं म्हणून नाही. तुला येत नाही हे कुणाला दिसू नये म्हणून तू न वाचता सही दिलीस, म्हणून राहिली. न येणं गावाला चालतं. तिथल्या लोकांनी कितीतरी नवे भाऊसाहेब पाहिलेत. तू रुजू झालीस त्या आठवड्यातच त्यांनी ओळखलं असणार की बाई नवीन आहेत. मग लपवतेस कुणापासून?

तेव्हा उद्या सकाळी डोंगल आधी ताब्यात घे. पिन बदल. भांडू नकोस, भाषण देऊ नकोस, नुसतं पर्समध्ये टाक. मुलाने विचारलं तर सांग, "आता मी शिकतेय." महिन्याभरात त्याचं ऑफिसात बसणं बंद कर. ते तुला कडक वाटेल, पण मी त्यात मधला मार्ग सुचवणार नाही. ई-फेरफारमध्ये, म्हणजे जमिनीच्या नोंदी बदलायच्या संगणक प्रणालीत, अडलीस तर तालुक्यातल्या दुसऱ्या तलाठ्याला फोन कर. तुझ्याच भरतीचे कुणीतरी शेजारच्या सज्जात असतीलच, आणि तेही आपल्यालाच येत नाही असं समजून रात्री जागत असतील. काम मंदावेल. प्रलंबित नोंदींचा आकडा वाढेल, आढाव्यात बोलणी खाशील. खा.

त्या वारस नोंदीकडे येऊ. तुझ्या सर्कल साहेबांनी चार लोकांत झापायला नको होतं, ते त्यांचं चुकलं. नोंद रद्द केली ते मात्र बरोबर. तलाठ्याने नोंद धरायची, नोटीस काढायची, हरकतीची मुदत जाऊ द्यायची, आणि मंडळ अधिकाऱ्याने चौकशी करून प्रमाणित करायची किंवा रद्द करायची, अशी दोन हातांची रचना 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात आहे ती याचसाठी. पहिला हात चुकणार हे कायदा करणाऱ्यांनी धरलेलंच होतं. तुझी चूक सातबाऱ्यावर चढली नाही. चढली असती, तर त्या बाईला प्रांताकडे अपील करत तारखा मोजाव्या लागल्या असत्या. तसं झालेल्या बायका मी पाहिल्यात, म्हणून सांगते.

आता पुन्हा अर्ज घे आणि समोर बसून स्वतः विचार : मुली किती? लग्न झालेल्या किती? एखादा मुलगा आधी वारला असेल तर त्याची बायको, पोरं? आई आहे? दुसरं लग्न? ही यादी चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेव. मी ठेवली होती, सर्कल झाले तरी होती. पोलीस पाटलालाही हेच विचार, पण भावांच्या समोर विचारू नकोस. मुलगी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या हिश्श्याची वारस आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखी जन्माने हिस्सेदार झाली. "बहिणींना नकोय, त्या सोडणारच आहेत" असं भाऊ म्हणाले, तर म्हणावं, उत्तम. आधी सगळ्यांची नावं लागू देत. मग ज्यांना सोडायचंय त्यांनी दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं, त्याचा वेगळा फेरफार धरू. तोंडी सोडलेला हक्क तलाठ्याने लिहायचा नसतो.

आणि ज्या बाईने रेशनकार्ड ठेवलं, तिला नव्या नोंदीची नोटीस निघाली की फोन कर. माफी वगैरे सविस्तर मागत बसू नकोस, तिला त्याचा काही उपयोग नाही. नोंदीचा क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख सांग. एका कागदावर तिचं नाव लग्न झालं म्हणून खोडलं गेलं, ते रीतीला धरून होतं. दुसऱ्या कागदावर ते लिहिलंच गेलं नाही. हा फरक तिला चांगला कळला होता, म्हणून ती भांडली नसेल. तुला तो झोप उडण्याइतका कळला, म्हणून तू या नोकरीत राहावंस असं मला वाटतं. राजीनाम्याबद्दल एवढंच.

शिकायचं कसं? रोज संध्याकाळी एक गट नंबर घे. एकच. सातबारा समोर ठेव. नावांच्या आसपास जे फेरफार क्रमांक दिसतात, ते एकेक करून मागे काढत जा. आजच्या नावावरून त्याच्या बापावर, बापावरून आजोबावर, मग खरेदी, मग कुळाची नोंद, मग सोसायटीचा बोजा. जिथे मोडी लागेल तिथे थांब. महिन्याभरात गावातली निम्मी भांडणं तुला माणसं न भेटता कळतील. कुणाचं नाव कंसात जाऊन कधी कमी झालं, 'इतर हक्क' रकान्यात कोणती विहीर अजून सामाईक आहे, कोणत्या बहिणीचं नाव कोणत्या साली एका ओळीने कमी झालं. कथा-कादंबऱ्या मी फार वाचल्या नाहीत, फेरफार नोंदवह्या मात्र खूप वाचल्या.

त्यात तुला अ.पा.क. आणि ए.कु.क. (एकत्र कुटुंब कर्ता) दिसतील. पहिल्या आठवड्यात मला अ.पा.क. हे आडनाव वाटलं होतं आणि एका म्हाताऱ्याला मी "अपक काका" म्हणाले होते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. महसुली भाषेत अज्ञान म्हणजे ज्याला अठरा वर्षं पुरी झाली नाहीत तो. पोर सज्ञान झालं की अर्ज करून तो शेरा कमी करता येतो. पण कितीतरी सातबाऱ्यांवर पन्नाशीचे बाप्ये अजून अज्ञानच आहेत, कारण कुणी अर्ज केला नाही.

डाळिंबाचं म्हणशील, तर ते तू एकटीने बघून सांगायचंच नाहीये. पंचनामा तिघांचा असतो : तू, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. फळ किती गळलं, फुटलं किती, झाडावरचं टिकेल की नाही हे कृषी सहायक सांगेल. तू क्षेत्र सांभाळ, गट सांभाळ, आणि बांधावर स्वतः उभी राहा. मदतीला 33 टक्के नुकसानीची अट असते, म्हणून तुला 32 कुणी म्हणणार नाही, सगळे 40 म्हणतील. तेव्हा झाडं मोज. एका ओळीत किती, त्यातली किती गेली. चार ओळी मोजल्या की हातात आकडा येतो, आणि तुझ्यामागे चालणाऱ्या दहा माणसांना दिसतं की बाई मोजतात. पुढच्या वर्षी तेच लोक आकडा सांगताना जरा बिचकतील.

लोकांसमोर अडलीस तर "बघून सांगते" म्हणायला शीक, पण त्याला तारीख लाव. "गुरुवारी दुपारी या, सांगते." आणि गुरुवारी दुपारी सांग, उत्तर 'अजून कळलं नाही, सर्कल साहेबांना विचारलंय' असं असलं तरी. नुसतं "बघून सांगते" हे आमच्या खात्यात पैसे मागायचं सभ्य वाक्य समजलं जातं. नव्या मुलींना हे कुणी सांगत नाही आणि त्या भाबडेपणाने दिवसभर ते म्हणत राहतात.

बांधीवर हसले त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तिकडे बांध म्हणजे दोन शेतांमधली वरंबी, आणि तिच्यावरून डोकी फुटतात. 'बांधीत पाणी साचले' म्हटल्यावर त्यांना बांधाच्या आत पाणी शिरलं असं दिसलं असेल. एकदा चावडीत बसून सांग त्यांना, आमच्याकडे बांधी म्हणजे धानाचा तुकडा, चिखलणी कशी करतात, रोवणीला बायका कशा ओळीने उतरतात. ज्वारीवाल्यांना ऐकायला आवडतं. पंचनाम्यात मात्र 'शेत' लिही.

आणि बाबा गावभर सांगतात ते सांगू देत. तिकडे पटवारी, इकडे भाऊसाहेब, शासनाच्या कागदावर ग्राम महसूल अधिकारी. बाईला हाक कशी मारायची हे गावाला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मला काही वर्षं 'भाऊसाहेब बाई' म्हणत.

तुझी,
आत्या म्हण हवं तर

ता.क. नमुना 9 चा घोळ तुझा एकटीचा नाही. तू पाठ केलास तो *गाव* नमुना 9, दैनिक पावती पुस्तक. लोक जिला नमुना 9 ची नोटीस म्हणतात, ती 1971 च्या अधिकार अभिलेख नियमांतल्या नमुन्याची, फेरफाराची हितसंबंधितांना द्यायची नोटीस. आकडा एक, कागद दोन. नोटीस पोचल्याची पोच फाइलला लावायला विसरू नकोस, आणि त्या वारस प्रकरणात दोन्ही मुलींच्या सासरच्या पत्त्यावर पाठव, माहेरच्या नको.